चौदा नॉटची विक्रांत

प्रश्न असा आला आहे: "१९७१ मध्ये आयएनएस विक्रांतचा एक बॉयलर बंद होता आणि त्यामुळे ती जेमतेम १४ नॉटने चालायची, असं वाचलं. मग त्या युद्धात तिचा खरंच उपयोग झाला, की नौदलाचं नाव राखायला तिला नुसतं पाठवलं? आणि एवढं जहाज शेवटी भंगारात का काढलं?"

मी नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेतला. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर बॉयलर शिकलो. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, पहिलं मोठं रिफिट (गोदीतली मोठी दुरुस्ती) उरकल्यावर, विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये दोन वर्षं वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, केले. ७१ ला मी शाळेत होतो. तेव्हाच्या गोष्टी कळल्या त्या पुढे वरिष्ठांकडून आणि नोंदींमधून. विमानं कशी उडाली हे वैमानिक जास्त चांगलं सांगतील. मी खालून सांगतो.

तुमचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. एक बॉयलर बंद होता हे खरं. १४ नॉटही खरे (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). चुकलाय तो 'त्यामुळे' हा शब्द.

हिशेब करून बघा. विक्रांतला चार बॉयलर आणि टर्बाइनचे दोन संच होते, मिळून ४०,००० अश्वशक्ती, आणि पूर्ण वेग सुमारे २५ नॉट. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ वरून १४ नॉटवर आलात की वेग होतो ५६ टक्के, पण ताकद लागते जेमतेम साडेसतरा टक्के, म्हणजे सात हजार अश्वशक्तीच्या आसपास. तेवढं काम चांगल्या अवस्थेतला एक बॉयलरसुद्धा करतो. चारातले तीन धड असते तर ती कागदावर साडेबावीस नॉटने सहज धावली असती. म्हणजे १४ ची मर्यादा घातली ती एक बॉयलर बंद पडला म्हणून नव्हे. उरलेल्या तिघांवरही भरवसा नव्हता, म्हणून घातली. हे नीट समजलं की ७१ मधल्या विक्रांतची सगळी गोष्ट वेगळी दिसायला लागते.

आधी बॉयलर कसा होता ते बघू. 'ॲडमिरल्टी थ्री-ड्रम' जातीचा. कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या जागी एक मोठा आडवा पिंप, तो स्टीम ड्रम. दोन्ही वळचणींच्या जागी खाली दोन लहान पिंपं, ते वॉटर ड्रम. वाशांच्या जागी शेकडो नळ्या, वरच्या ड्रमपासून खालच्या ड्रमपर्यंत. आणि माजघरात आग. फर्नेस ऑइल गरम करून दाबाने बर्नरमधून फवारायचं, ते पेटतं, नळ्यांतलं पाणी उकळून वर चढतं, वाफ होते, ती टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन प्रोपेलर. नळ्या बसवायला प्रत्येक ड्रमला भोकं पाडलेली असतात, इतकी जवळजवळ की ड्रमची ती बाजू खिसणीसारखी दिसते. दोन भोकांमधली जी अरुंद पट्टी उरते तिच्यावर सगळा ताण. बॉयलर पेटवला की ड्रम तापतो, फुगतो. विझवला की आकसतो. तार इकडून तिकडे वाकवत राहिलो की ती एक दिवस तुटते, तसंच हे. फरक एवढाच की तार हातात तुटते आणि ड्रमला आधी केसासारखा तडा जातो, जो बाहेरून दिसत नाही.

जून १९७० मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात विक्रांतच्या वॉटर ड्रमना असे तडे सापडले. धातूच्या थकव्याचे, आतल्या बाजूचे. लोक विचारतात, वेल्डिंग का नाही केलं? केलं नाही कारण करता येत नव्हतं. जाड पोलादावर वेल्ड मारायचं तर आधी ते सगळीकडून सारखं तापवावं लागतं आणि नंतर पुन्हा तापवून हळूहळू थंड करून ताण काढावा लागतो. इथे ड्रम बॉयलरच्या पोटात, नळ्यांच्या जंगलात, आणि तडा गेलाय तो भोकांच्या मधल्या पट्ट्यांत. वेल्डने एक तडा बुजवाल आणि शेजारी चार नवे पाडाल. ड्रमच बदलायला हवे होते. ते आपल्याकडे मिळत नव्हते, म्हणून ब्रिटनकडे नव्या ड्रमची मागणी गेली. तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा मुख्यालयाचा हुकूम. जहाज धक्क्याला बांधून पडलं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हे ड्रम असे का निघाले याचं थोडं उत्तर जन्मकुंडलीत आहे. विक्रांतचं पाळण्यातलं नाव हर्क्युलिस. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू जहाजांची इतकी घाई होती की त्यांनी 'हलकी' विमानवाहू जहाजं काढायला घेतली: चिलखत नाही, बांधणी बरीचशी व्यापारी जहाजांच्या पद्धतीची, आणि अपेक्षा एवढीच की युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षं, टिकावीत. ब्रिटनमधल्या टायन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ मध्ये तिचा कणा बसला. पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ ला. जपानने शरणागतीवर सही करून तीन आठवडेही झाले नव्हते. लढाई संपली, तसं कामही थांबलं आणि अर्धवट सांगाडा दहाएक वर्षं तसाच पडून राहिला. जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला. बेलफास्टला हारलँड अँड वुल्फमध्ये (टायटॅनिक बांधणारी तीच गोदी, हे सांगितलं की पाहुणे खूश व्हायचे) ती पुरी झाली, तिरकं फ्लाइट डेक, स्टीम कॅटापल्ट (वाफेच्या जोराने विमान पुढे फेकणारं यंत्र) आणि उतरताना दिशा दाखवणारा आरसा लावून. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली. पहिले कप्तान प्रीतम सिंग महिंद्रू. ३ नोव्हेंबरला मुंबईत, नेहरू स्वागताला. दीड महिन्यात गोवामुक्तीची कारवाई झाली, तेव्हा ती गोव्याच्या किनाऱ्याबाहेर गस्तीवर होती. बाहेरच्या कुणी मध्ये पडू नये एवढंच काम होतं. गोळा एकही झाडावा लागला नाही.

पण १९६५. त्या युद्धात विक्रांत मुंबईत रिफिटमध्ये अडकली होती. पाकिस्तानने तर ती बुडवल्याचंच जाहीर करून टाकलं होतं. बुडाली नव्हती, पण लढलीही नव्हती, आणि हे दुसरं नौदलाला जास्त लागलं. एवढा पैसा ओतून घेतलेलं जहाज ऐन वेळी गोदीत, म्हणजे पांढरा हत्ती, ही कुजबुज पुढे कित्येक वर्षं चालू होती. म्हणून ७१ ची चिन्हं दिसायला लागल्यावर नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी धरलेला हट्ट समजून घ्यायला हवा: विक्रांत या वेळी समुद्रात दिसलीच पाहिजे, एक विमान उडालं नाही तरी चालेल. पुन्हा घरी बसली असती तर नौदलाची विमानशाखाच मोडीत निघाली असती. तेव्हा तुमच्या प्रश्नातला 'नाव राखायला' हा भाग खोटा नाही. सुरुवात तिथूनच झाली.

नवे ड्रम युद्धाआधी बसले नाहीत. फेब्रुवारी १९७१ अखेरीस तिला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून बाहेर नांगरावर नेलं आणि १ मार्चला कमी दाबावर बॉयलर पेटवले. कित्येक महिने सगळी यंत्रं गप्प होती. मार्च-एप्रिलमध्ये छोट्या चाचण्या झाल्या. मग मर्यादा ठरल्या: प्रोपेलरचे फेरे पुढे जाताना मिनिटाला १२०, मागे जाताना ८०, वेग १४ नॉट. जूनमध्ये खोल समुद्रात लांबच्या चाचण्या, चालू तीन बॉयलरांभोवती पोलादी पट्टे आवळून. शिवाय वाफेची गळती लांबून कळावी म्हणून बघायच्या खिडक्या बसवल्या.

या खिडक्यांबद्दल थोडं सांगतो, कारण वाचणाऱ्याला ती किरकोळ बाब वाटते. चहाच्या किटलीतून निघते ती पांढरी वाफ आपल्याला दिसते. ती खरं तर थंड होऊन पाण्याचे कण झालेली वाफ. बॉयलरमधली तापलेली वाफ दिसत नाही. बारीक चिरेतून ती सुटली तर मोठा चिरका आवाज येतो, पण सगळ्या बॉयलर रूममध्ये पंखे आणि पंप कोकलत असताना आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. आम्हाला शिकवलेली पद्धत म्हणजे झाडूचा दांडा. दांडा पुढे धरून पाइपाच्या कडेने हळूहळू चालायचं. गळती असेल तिथे दांड्याचं लाकूड सोलल्यासारखं उडतं. हाताने चाचपडायला गेलात तर हात जातो. लोणावळ्याला पहिल्या महिन्यात उस्तादाने असा एक कापला गेलेला दांडा वर्गात फिरवला होता. काही बोलला नाही, नुसता फिरवला.

आता अशी कल्पना करा की गळती कुठल्या पाइपाला नव्हे तर ड्रमलाच होऊ शकते, आणि ड्रम फुटला तर दांडा धरायलाही कुणी उरणार नाही. ७१ च्या वॉचवाल्यांनी हे माहीत असताना चार-चार तास तिथे काढले. आमचा एक चीफ त्यांच्यातला. त्याला खोदून विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "पाण्याची काच बघायची, घड्याळ बघायचं नाही." पाण्याची काच म्हणजे स्टीम ड्रममधली पाण्याची पातळी दाखवणारी गेज ग्लास. पातळी खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. बॉयलर रूममधल्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या काचेकडे बघण्यात जातं.

पट्टे आणि कमी वेग यांचा नेमका उपयोग काय, हेही सांगायला हवं. ड्रमच्या भिंतीवर येणारा ताण आतल्या दाबाच्या प्रमाणात असतो, आणि तडा किती भराभर वाढणार हे त्या ताणाच्या चढउतारावर ठरतं. दाब कमी ठेवा, एकसारखा ठेवा, बॉयलर वारंवार पेटवू-विझवू नका, वेग झटक्याने चढवू-उतरवू नका, म्हणजे तडा आहे तिथे थांबून राहतो किंवा फार हळू सरकतो. १२० फेऱ्यांच्या मर्यादेमागचं शहाणपण हे. जहाजाला एक प्रकारे पथ्यावर ठेवलं होतं. आणि पथ्य पाळलं तर रोगी चालता-फिरता राहतो, हे डॉकयार्डातल्या आणि जहाजावरच्या इंजिनिअरांनी अचूक ओळखलं. माझ्या मते ७१ मधला विक्रांतचा पहिला विजय तो आहे, आणि तो मुंबईच्या धक्क्यावर मिळाला.

पण विमानवाहू जहाजाचं दुखणं असं की त्याला वेग लागतो तो कुठे लवकर पोचायला नव्हे. तो लागतो वारा तयार करायला.

विमान उडतं ते पंखांवरून जाणाऱ्या हवेच्या वेगावर. जहाज वाऱ्याच्या तोंडाला धरून धावलं की डेकवर नैसर्गिक वारा अधिक जहाजाचा वेग, एवढा वारा मिळतो. उरलेला वेग कॅटापल्ट देतो. आकडे समजायला सोपे घेतो: एका लादलेल्या विमानाला १०० नॉट हवेचा वेग हवा आणि कॅटापल्ट ८० देतो असं धरा. २० नॉट वारा डेकवर हवा. जहाज २४ ने धावत असेल तर समुद्रावर पान हललं नाही तरी चालेल. १४ ने धावत असेल तर ६ नॉट वारा देवाने द्यायचा. नाही दिला तर? उचलण्याची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १०० ऐवजी ९४ मिळाले तर ती जवळजवळ १२ टक्क्यांनी घटते. आठ टनांच्या विमानाचे हे नऊशे किलोहून जास्त झाले. म्हणजे बॉम्ब तरी उतरवा, नाहीतर तेल तरी.

त्यात दुहेरी मार. कॅटापल्टही वाफेवरच चालतो. बॉयलरमधली वाफ मोठ्या टाक्यांत साठवतात आणि झडप उघडली की ती दट्ट्याला ढकलते. बॉयलरचा दाब उतरवलात की कॅटापल्टच्या हातातली ताकदही उतरते. माझ्या वेळी डेकवरून अलिझे विमान सुटायचं तेव्हा खाली आम्हाला विमान दिसायचं नाही. डोक्यावरून काहीतरी घसरत गेल्यासारखा आवाज, मग दट्ट्या पुढच्या टोकाला पाण्याच्या ब्रेकवर आपटल्याचा धक्का सगळ्या जहाजातून पायांत यायचा, आणि दाबाच्या मापकाचा काटा किंचित खाली बसून पुन्हा उठायचा. एका विमानाला एक डुबकी. चांगल्या बॉयलरवर ती गंमत वाटायची. तडे गेलेल्या ड्रमवर प्रत्येक डुबकी म्हणजे ताणाचा एक चढउतार, ज्यापासून त्याला जपायचं होतं तोच.

डिसेंबरात बंगालच्या उपसागराच्या माथ्याला वारा मुख्यतः उत्तरेकडून, आणि बहुतेक वेळा मंद. वाऱ्याच्या तोंडाला धरायचं म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून सरळ रेषेत जात राहायचं. विमानं सोडून झाली की वळून खाली दक्षिणेला यायचं, विमानं परतायची वेळ झाली की पुन्हा उत्तर. १४ नॉटने सरळ रेषेत जाणारं १९,००० टनांचं जहाज हे पाणबुडीच्या कप्तानाला पडलेलं स्वप्न असतं. वेगाची कमतरता पाणबुडीच्या बाबतीत सर्वात महागात पडते, आणि म्हणूनच तिला पश्चिमेला ठेवलं नाही. कराचीच्या बाजूला पाकिस्तानच्या फ्रेंच बनावटीच्या तीन नव्या डाफ्ने पाणबुड्या होत्या. त्यांतल्या हंगोरने ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. खुकरी विक्रांतपेक्षा लहान आणि चपळ होती. विक्रांत तिथे असती तर काय झालं असतं हे उघड आहे.

पूर्वेला मात्र एकच पाणबुडी पोचू शकत होती: गाझी. अमेरिकेकडून घेतलेली जुनी, पण लांब पल्ल्याची. ती १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली ती विक्रांतसाठीच. इकडे विशाखापट्टणमला व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत तिथेच असल्याचं नाटक उभं केलं. आयएनएस राजपूत नावाची जुनी विनाशिका विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेश पाठवत होती. विमानवाहू जहाजाला पुरेल एवढ्या भाज्या आणि मांसाच्या ऑर्डरी कंत्राटदारांकडे गेल्या, म्हणजे बाजारातून बातमी फुटावी. खरी विक्रांत तोवर उत्तर अंदमानात पोर्ट कॉर्नवॉलिसला आडोशाला उभी होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर गाझी स्फोट होऊन बुडाली. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जनी (पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांनी) असं आपण म्हणतो, स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने असं पाकिस्तान म्हणतं. ह्या वादात मी पडत नाही. विक्रांतच्या बॉयलर रूमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की १४ नॉटच्या जहाजाला धरू शकणारी एकमेव गोष्ट लढाई सुरू होताना तळाशी गेली होती.

४ डिसेंबरला विक्रांतची सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर गेली, किनाऱ्यापासून साधारण ६० सागरी मैलांवरून. त्याच दिवशी चटगाव. पुढच्या दिवसांत चटगाव पुन्हा पुन्हा, शिवाय खुलना, मोंगला. सी हॉक एका इंजिनाचं, चार २० मिलिमीटर तोफांचं, तोवर जुनं झालेलं जेट. लढाऊ विमानांशी त्याची गाठ पडली असती तर कठीण होतं. पण ढाक्याची धावपट्टी हवाई दलाने पहिल्या तीन-चार दिवसांत उखणून ठेवली होती आणि पाकिस्तानची सेबर विमानं जमिनीवरच अडकली. अलिझे हे तिघांच्या चमूचं टर्बोप्रॉप विमान मूळचं पाणबुड्या शोधायचं. त्यांनी रात्रीचे हल्ले केले. सोबत ब्रह्मपुत्र आणि बियास या युद्धनौका होत्या. ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल एस. एच. सर्मा, विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश. हल्ले १४ तारखेपर्यंत चालू राहिले. एकही सी हॉक गेलं नाही. स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता, दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

तर उपयोग झाला का? झाला. चटगाव, मोंगला आणि खुलना ही बंदरं म्हणजे पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राकडची दारं. तिथली जहाजं, गनबोटी, धावपट्टी, तेलाचे साठे यांवर आठवड्याहून जास्त काळ मार बसला. बाहेरून कुमक येणं बंद, आतून निसटणं बंद. मिळतील तेवढ्या नॉटवर, हल्ल्यामागून हल्ला करून हे काम झालं. त्याच वेळी हेही कबूल केलं पाहिजे की समोर तुल्यबळ काही नव्हतं. गाझी गेली होती, सेबर अडकली होती, पाण्यावर गनबोटींपेक्षा मोठं काही नव्हतं. १४ नॉटची विक्रांत चालली, कारण तिला पाठवली ते ठिकाण आणि ती वेळ नेमकी निवडली होती. तिच्या दुबळेपणाचा हिशेब करून आखलेली ती लढाई होती. काही उत्साही लोक हे सांगायचं टाळतात आणि तिला अजिंक्य वगैरे करतात. त्याने त्या इंजिनिअरांचा आणि आखणी करणाऱ्यांचा अपमान होतो असं माझं मत.

पुढचा काळ भराभर सांगतो. सी हॉकचं विक्रांतवरून शेवटचं उड्डाण मे १९७८ मध्ये. १९७९ ते ८१ च्या रिफिटमध्ये बॉयलर, रडार वगैरेचं मोठं काम झालं. मी गेलो तेव्हा बॉयलर धड होते आणि आम्ही त्याबद्दल रोज आभार मानायचो. डिसेंबर १९८३ मध्ये पहिलं सी हॅरियर उतरलं. वैमानिकांच्या दृष्टीने ते नवं युग. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की सरळ खाली उतरणारं आणि थोड्या पळण्यावर उठणारं विमान आलं, म्हणजे वाऱ्यासाठी बॉयलरना पिळायची गरज कमी झाली. अलिझेचं शेवटचं उड्डाण २ एप्रिल १९८७ ला. त्यानंतरच्या रिफिटमध्ये पुढे स्की-जंप (विमानाला वर उडवणारा डेकचा चढ) बांधला आणि कॅटापल्ट काढून टाकला. १९९४ नंतर ती समुद्रात गेली नाही. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. तीन वर्षांच्या हिशेबाने काढलेलं जहाज ३६ वर्षं नौदलात होतं.

आता तुमचा शेवटचा भाग: भंगारात का? निवृत्तीनंतर मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय होतं. शाळांच्या सहली यायच्या. मीही भाच्याला घेऊन गेलो होतो. तो डेकवरच्या विमानांपुढे उभा राहून फोटो काढून घेत होता आणि मी धुराड्याकडे बघत होतो. त्यातून काही निघत नाही हे मनाला पटायला वेळ लागला. २०१२ मध्ये जहाज सुरक्षित राहिलं नाही म्हणून ते बंद केलं. २०१४ च्या सुरुवातीला ६० कोटींना लिलाव झाला. वाचवण्यासाठीची याचिका मुंबई उच्च न्यायालयात फेटाळली गेली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मार्ग मोकळा केला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतल्या दारूखान्यात, जहाजं मोडतात तिथे, गॅस कटर लागले.

मला वाईट वाटलं, रागही आला. पण पोलादाचं काम केलेला माणूस म्हणून खोटं बोलवत नाही. खाऱ्या पाण्यात उभं असलेलं जहाज दर काही वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन खरवडावं लागतं, पत्रे बदलावे लागतात. चालतं जहाज स्वतःच्या माणसांकडून रोज रंगवलं जातं, पंप चालतात, आतलं पाणी उपसलं जातं. उभं जहाज आतून कुजतं, आणि कुजण्याचा आवाज येत नाही. विक्रांतचा तळ मुळातच घाईत बांधलेला, सत्तरीला आलेला. तिला पाण्यात ठेवून वाचवायचं तर नुसता एकदा निधी देऊन भागलं नसतं, कायमचा खर्च होता. खरा उपाय एकच होता: निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच, पत्रे जाड असताना, तिला कायमची कोरडी बसवायची, तळाखाली काँक्रीट घालून. ती वेळ गेली. २०१४ ला सगळे जागे झाले तेव्हा वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

तिच्या पोलादातून केलेलं स्मारक जानेवारी २०१६ पासून मुंबईत नेव्हल डॉकयार्डाबाहेर, लायन गेटजवळ आहे. पुण्याच्या बजाजने तिचा धातू विकत घेऊन व्ही १५ मोटारसायकलच्या टाकीत वापरला. आमच्या सोसायटीत एकाकडे ती आहे. पार्किंगमध्ये एकटा असलो की मी टाकीवर हात ठेवतो. ऊन लागून ती तापलेली असते.

जहाज गेलं तरी तिची विमानं बघायची असतील तर गोव्याला जा. सी हॉक आणि अलिझेच्या स्क्वाड्रनांचं घर दाबोळीचा आयएनएस हंसा हाच तळ, आणि त्याच्या शेजारी बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉकच्या शेपटीखाली वाकून हूक बघा, डेकवरच्या तारेत अडकायचा तो. विमान शंभरेक नॉटने यायचं, हा हूक तारेत अडकायचा आणि तार त्याला थोड्याच अंतरात थांबवायची. आणि तो शंभरचा आकडा जेवढा कमी करता येईल तेवढा वारा देण्यासाठी खाली कुणीतरी पाण्याच्या काचेकडे बघत असायचं.